देठ

पथारीवर सकाळी नऊलाच डोळे चुरचुरतात.
पत्र्याच्या ऑफिसात कीबोर्डच्या फटींमध्ये लाल भुकटी,
आणि एक बी एन्टरखाली अडकलेलं,
म्हणून हिलाल आप्पा एन्टर दोनदा दाबतात.

काट्याचा प्रोग्राम आत कुठेतरी होता,
शेठच्या भाच्याने सहा वर्षांपूर्वी टाकलेला.
भाचा आता सुरतेला, कॉम्प्युटर नंदुरबारातच.
विंडोज मेलं तेव्हा कुणीतरी लिनक्स चढवलं
आणि आप्पांनी काळी खिडकी उघडून
एक ओळ पाठ केली,
तिरप्या रेघांसकट, एका दमात,
लहानपणी औटकी म्हणायचे तशी.

मी ते बाहेर काढून द्यायला गेले होते.
पाचशे रुपये, आणि शहाद्याहून एसटीचं भाडं.

फाइल लहानच असते.
प्रकार, नाव, चित्र,
आणि कुठे जाऊन कुणाला उठवायचं ते.
पहिल्यांदा मी चुकले. घरासाठी
ती लाटेसारखी छोटी खूण वापरली,
जी काळ्या खिडकीत बिनबोभाट चालते.
इथे नाही चालत.
इथे मुळापासून पत्ता द्यावा लागतो,
एकही पायरी न गाळता.

दारात जमना वळवी उभी होती, पदर नाकावर बांधून.
तिला गाव विचारलं तर म्हणाली, धडगावच्या पुढे.
पुढे म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

नाव काय देऊ?
“काटा,” आप्पा म्हणाले. “आखो काय?”
चित्राला एक मिरची उतरवून घेतली,
लालबुंद, हिरव्या देठाची.
जमना वाकून म्हणाली, देठ कशाला ठेवला?
देठ खुडायचेच तर पैसे आहेत आम्हाला.
किलोला किती तेही सांगितलं. मी इथे लिहीत नाही.
मग चित्र मोठं करून, ठिपका ठिपका,
मी तो देठ खोडला.
ती म्हणाली, अजून राहिला थोडा.
राहिलाच होता.

पडद्यावर मिरची आली, पण कोपऱ्यात फुली.
यंत्राला विश्वास नव्हता.
उजवं बटण, चालू करण्याची मुभा द्या,
फुली गेली.
आप्पांनी दाबून पाहिलं. काटा उघडला.
“इतलंच व्हतं?”
आणि त्यांची बोटं टेबलावर
ती जुनी ओळ एकदा टाइप करून आली.

दुपारी आप्पा डबा खायला गेले.
जमनाने पाटी काट्यावर ठेवली, आत आली,
हात लुगड्याला पुसला
आणि बिनदेठाची मिरची दाबली. मग परत दाबली.
अक्षरं येत नाहीत तिला, आकडे येतात.
एकवीस.
पाटी रोजचीच, शीगही रोजचीच,
वहीत रोज अठरा.
ती काही बोलली नाही. बाहेर जाऊन
तिच्या बोलीत कुणाला तरी हाक मारली,
आणि चारच्या सुमाराला ऑफिसच्या दारात
पाट्यांची रांग लागली होती.

शेठ आले ते चप्पल न काढता.
हे बाहेर कुणी काढलं?
मी, म्हटलं. तुम्हीच बोलावलं होतं.
आप्पांसाठी सांगितलं होतं, ते म्हणाले,
सगळ्या गावासाठी नाही. काढ.

काढलं. काढायला काय लागतं.
मिरची कचरापेटीत गेली,
प्रोग्राम होता तिथेच, आत, पूर्ण पत्त्यावर.
शेठची गाडी फाटकातून बाहेर पडली.
आप्पा कीबोर्ड उलटा धरून
टाचणीने एन्टरखालचं बी उकरत होते.
निघालं ते. त्यांनी तळहातावर घेऊन पाहिलं,
मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या
त्या कचरापेटीकडे बोट केलं, आवाज खाली आणून:
“हाई कसं उघडतस?”

सव्वासहाची शहादा गाडी होती.
मी पिशवी खाली ठेवली,
खुर्ची ओढली.